फेझची मदीना : उतरायचं कुठून आणि निघायचं कुठून

ओळखीतलं कुणीही मोरोक्कोच्या फेझ शहरात जाऊन आलं की एकच गोष्ट सांगतं, "आम्ही तिथे हरवलो." कुणी कौतुकाने सांगतं, कुणी वैतागून. पहिल्या खेपेला मी वैतागलेल्यांत होते. भर जुलैत दुपारी साडेबाराला फोनवरचा नकाशा बघत आत शिरले, आणि चार तासांनी एका गालिच्यांच्या दुकानाच्या तिसऱ्या मजल्यावर पुदिन्याचा चौथा चहा पीत बसले होते. जे बघायला आले त्यातलं काहीच बघून झालं नव्हतं आणि बाहेर पडायचं कसं ते कळत नव्हतं. दुसऱ्या खेपेला आई आणि मावशी बरोबर होत्या, मावशीचे गुडघे दुखरे. त्या वेळी सगळा क्रम बदलला आणि दिवस सुरळीत पार पडला. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

(नावाचं एवढंच: तिथले लोक 'फास' म्हणतात, फ्रेंच लोक 'फेस'. मराठीत 'फेस' लिहिलं की साबण आठवतो, म्हणून इथे फेझ.)

बहुतेकांची चूक एकच असते. ते या जुन्या शहराकडे सपाट नकाशा म्हणून बघतात. फेझ अल-बाली, म्हणजे जुनी मदीना (अरबीत मदीना म्हणजे शहर), ही एक मोठी खोल परात आहे. परातीच्या कडेला दरवाजे, गाड्या आणि टॅक्स्या. तळाशी नदी, कैरवीयीन मशीद आणि दाट बाजार. मधे हजारो गल्ल्या, आणि त्यांत एकही गाडी नाही. म्हणून डावं-उजवं पाठ करण्यात अर्थ नाही. उतार लागला की आपण मध्याकडे चाललोय आणि चढ लागला की कडेकडे, एवढं डोक्यात ठेवा.

## टप्पा १ : तारीख आणि वार ठरवणं

मार्च ते मे किंवा सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो. जानेवारीत पाऊस, आणि जुन्या घरांच्या भिंती अशा गार पडतात की रात्री दोन रजयाही कमीच वाटतात.

महिना सगळेच बघतात, वार कुणी बघत नाही. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मदीनेतली बरीच दुकानं उघडतच नाहीत. घरोघरी कुसकुसचा, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या दाण्यांचा, बेत असतो आणि माणसं घरी जेवून सुस्तावतात. निवांत फिरायला शुक्रवार उत्तम, खरेदीला आणि कारागिरांचं काम बघायला वाईट. हातात एकच दिवस असेल तर तो शुक्रवार नको.

रमजानात दिवसा खाण्याची पंचाईत होते आणि बघायच्या जागा लवकर बंद होतात. त्या महिन्यात तिथली घड्याळं एक तास मागे करतात, त्यामुळे फोनची वेळ आपोआप बदलली नसेल तर गाडी चुकण्याचीच शक्यता. बकरी ईदच्या सुमारास तर पुढचे काही दिवस बाजार थंड असतो. या दोन्ही तारखा दरवर्षी सरकतात. तिकीट काढण्याआधी कॅलेंडर उघडा.

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. त्याचे नियम मोरोक्को सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच वाचा. अर्ज भरून देतो म्हणणारी, सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळं वरचे पैसे घेतात.

तपासा : मदीनेसाठी कमीत कमी दोन रात्री आहेत का? एका रात्रीत पुढचा चौथा टप्पा बसत नाही, आणि तो गाळला की बाकीचं गडबडतं.

## टप्पा २ : पिशवीत काय

बूट आधी. गल्ल्या दगडी आहेत, घासून गुळगुळीत झालेल्या, आणि त्यांवर पाणी, भाजीचा पाला आणि खेचरांची लीद असते. आपल्या कोल्हापुरी तिथे घसरतात. हे मी पार्श्वभागाच्या अनुभवावरून सांगते आहे. मागून बंद असलेला, तळाला पकड असलेला बूट घ्या.

पैशांचं गणित आधी समजून घ्या. मोरोक्कोचं चलन दिरहम, आणि ते देशाबाहेर सहसा मिळत नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईत शोधत बसू नका. युरो किंवा डॉलर न्या आणि विमानतळावर थोडे बदला, बाकीचे एटीएममधून काढा. रुपयांच्या भरवशावर जाऊ नका. एटीएम बहुधा १०० आणि २०० च्या नोटा देतं, आणि मदीनेत २०० ची नोट काढलीत की समोरचा हात वर करून "सर्फ नाही" म्हणतो. सर्फ म्हणजे सुटे. हॉटेलात, स्टेशनवर, जिथे जमेल तिथे नोटा मोडून घ्या. एका खिशात १, २, ५, १० ची नाणी आणि २० च्या नोटा, दुसऱ्या आतल्या खिशात मोठ्या. सगळ्यांसमोर एकच जाड पाकीट उघडायचं नाही.

बाकी थोडक्यात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घ्या, बायकांनी आणि पुरुषांनीही. कागदी रुमाल लागतात, कारण स्वच्छतागृहं कॅफेतच आणि तिथे कागद असेलच असं नाही. राहायच्या जागेचं नाव, जवळच्या दरवाजाचं नाव आणि फोन नंबर अरबी लिपीत लिहिलेला कागद ठेवा. फोनमध्ये नको, कागदावर.

सावध : ड्रोन नेऊ नका. मोरोक्कोत परवान्याशिवाय ते आणायलाच मनाई आहे, विमानतळावरच काढून घेतात.

## टप्पा ३ : राहायची जागा, आणि तिथवर पोचणं

जुनी घरं आता पाहुण्यांसाठी खुली आहेत. मधे बाग असलेलं ते रियाद, नुसता चौक असलेलं ते दार. बाहेरून बघावं तर मळकी भिंत आणि लहानसा दरवाजा, आत आपल्याकडच्या वाड्यासारखा चौक. फोटो बघून सगळेच भाळतात. बुकिंगच्या आधी मालकाला तीन प्रश्न विचारा.

१. गाडी जिथवर येते ती सर्वांत जवळची जागा कोणती? उत्तरात बत्हा, ऐन अझलितेन, रसीफ, बाब गिस्सा (बाब म्हणजे दरवाजा) असं एखादं नाव यायला हवं. "मदीनेच्या मधोमध" हे उत्तर नव्हे.
२. तिथून घरापर्यंत चढ आहे की उतार, आणि किती मिनिटं?
३. खोली कितव्या मजल्यावर, आणि पायऱ्या किती उंच? या घरांच्या पायऱ्या वीतभर नाही, दीड वीत उंच असतात. मावशीसाठी मी तळमजला मागून घेतला. नसता मागितला तर ती दोन दिवस चौकातच बसून राहिली असती.

भारतातून जाणारे बहुधा आखातातल्या एखाद्या शहरात विमान बदलून कासाब्लांकाला उतरतात. तिथल्या विमानतळावरच रेल्वे स्टेशन आहे. तिथून कासा-व्होयाजर स्टेशन, मग गाडी बदलून फेझ, साधारण चार तास. रात्रभर विमानात बसून आलेल्या माणसाने त्या दिवशी आणखी काही ठरवू नये.

याच गाडीत पहिला सापळा असतो. समोरच्या बाकावर एक सभ्य गृहस्थ बसतात, चांगलं इंग्रजी बोलतात, तुम्ही भारतातले म्हटल्यावर शाहरुख खानचं नाव घेतात. शाहरुखचं प्रेम खरंच असतं, मोरोक्कोत हिंदी सिनेमा आवडीने बघतात. पण फेझ जवळ आलं की त्यांचा "चुलतभाऊ" मार्गदर्शक निघतो आणि तो नेमका स्टेशनवर तुमची वाट बघत असतो. गप्पा मारा, खुशाल मारा. फक्त कुठे उतरणार, कुठे राहणार ते सांगू नका.

स्टेशनवरून लाल रंगाची लहान टॅक्सी करा, पेती टॅक्सी म्हणतात. ती मीटरवर चालते. बसण्याआधी "कोंतूर, अफाक" म्हणा, मीटर टाका प्लीज. रात्री आठनंतर दर दीडपट होतो, तेव्हा जास्त आकडा बघून भांडू नका. कायद्याने त्यात तीनच प्रवासी बसतात. चार जणांच्या कुटुंबाने दोन टॅक्स्यांची तयारी ठेवावी, ड्रायव्हर ऐकत नाही. विमानाने थेट फेझला उतरलात तर विमानतळ शहराबाहेर सुमारे १५ किलोमीटरवर आहे आणि तिथे मोठ्या टॅक्स्या मिळतात. त्यांना मीटर नसतो, भाडं आधी ठरवायचं.

दरवाजापाशी उतरल्यावर हातगाडीवाले पुढे येतात. गाडीला कार्रोसा म्हणतात. सामान जड असेल तर करावी, पण रक्कम बोलून. त्याहून बरं म्हणजे रियादवाल्यालाच सांगायचं, दरवाजापाशी माणूस पाठवा. पहिल्यांदा जाताना हे चार पैसे वाचवू नयेत. माणूस पुढे चालत असतो तेव्हा तुम्ही मागे नुसतं चालू नका, खुणा टिपा. पिवळी टपरी, निळ्या फरश्यांचं कारंजं, तुटका दिवा. दर वळणावर मागे वळून बघा, कारण परत येताना गल्ली उलटी दिसते.

तपासा : सामान ठेवल्यावर लगेच एकदा एकट्याने दरवाजापर्यंत जाऊन परत या. जमलं तर पुढे चला. नाही जमलं तर पुन्हा एकदा.

## टप्पा ४ : आदल्या संध्याकाळी वरून बघणं

जवळजवळ सगळे हा टप्पा गाळतात किंवा शेवटच्या दिवशी फोटोसाठी करतात. तो पहिल्याच संध्याकाळी करायचा.

सूर्यास्ताच्या तासभर आधी टॅक्सीने उत्तरेच्या टेकडीवर जा, बोर्ज नॉर किल्ल्यापाशी किंवा जवळच्या मरीनी राजघराण्याच्या थडग्यांपाशी. टॅक्सीवाल्याला "मेरीनिद" म्हटलं की कळतं. समोर आख्खी परात दिसेल. आता फोटो नंतर, आधी हे शोधा :

पसरट हिरव्या कौलांचं मोठं छप्पर आणि जवळ पांढरा मनोरा, ती कैरवीयीन मशीद. शेजारी टोकदार हिरवं छप्पर आणि उंच मनोरा, ती फेझ वसवणाऱ्या राजाची, दुसऱ्या मुलाय इद्रीसची समाधी. हा झाला तळ. उजवीकडे, पश्चिमेला, उंच भागात बाब बू-जलूद. तिथून तुम्ही उद्या उतरणार. मशिदीच्या पलीकडे दक्षिणेला रसीफचा मोकळा चौक. तिथून बाहेर पडणार. नदीपलीकडचा पूर्वेचा चढ म्हणजे अंदलुसी वस्ती, ती उद्याच्या फेरीत धरू नका.

मी आईला हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे वाईच्या घाटावर उतरल्यासारखंच." घाटाला एवढ्या गल्ल्या नसतात, पण तिला दिशा कळली होती आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्यापेक्षा कमी चुकली.

सावध : अंधार पडायच्या आत टेकडीवरून निघा. थडग्यांभोवतीचा भाग रात्री निर्मनुष्य असतो. येतानाच टॅक्सी थांबवून ठेवली तर बरं.

## टप्पा ५ : सकाळी उतरणं

नऊ वाजता बाब बू-जलूदला पोचा. दुकानं पूर्ण उघडायला दहा वाजतात, आणि त्याआधीचा तासभर गल्ल्यांची रचना उघडी दिसते. दरवाजा बाहेरून निळा, आतून हिरवा. गोंधळलात तर एवढं आठवा : हिरवा समोर दिसतोय म्हणजे तुम्ही बाहेर पडताय.

आत शिरल्यावर खाणावळींचा छोटा चौक लागतो आणि तिथूनच दोन मोठे रस्ते उतरतात. तलआ कबीरा, म्हणजे मोठा चढ, आणि तलआ सगीरा, लहान चढ. नावातच चढ आहे, कारण नावं ठेवणारे खालून वर येत होते. लोक सरळ समोर दिसतो म्हणून सगीराने जातात. तुम्ही डावीकडे वळून लगेच उजवीकडे कबीरा धरा, बघायचं बरंच काही त्याच रस्त्यावर आहे. दोन्ही रस्ते खाली जवळजवळ एकाच भागात पोचतात, त्यामुळे चुकलात तरी बिघडत नाही.

५.१ दोनएक मिनिटांत बू-इनानिया मदरसा. चौदाव्या शतकातला. मोरोक्कोत बहुतेक मशिदींमध्ये मुसलमानेतरांना प्रवेश नसतो, पण या मदरशाचा चौक तिकीट काढून बघता येतो. नमाजाच्या वेळी थांबवतात, म्हणून सकाळीच. सुटे पैसे इथेच कामाला येतात. पायापासून डोळे वर न्या : आधी फरश्यांची नक्षी, मग चुन्यातलं कोरीवकाम, मग देवदार लाकूड. एकदा हा क्रम लक्षात आला की पुढच्या प्रत्येक इमारतीत तो सापडतो.

५.२ मग नुसतं उतरायचं. वाटेत "बालाक! बालाक!" ऐकू येईल. म्हणजे बाजूला व्हा. मागे वळून बघू नका, भिंतीला चिकटा. माझ्या खांद्याला घासून गेलेल्या खेचराच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन गॅस सिलिंडर साखळीने बांधले होते, आणि त्याचा मालक मागून येत होता, पुढून नाही. खेचराला ब्रेक नसतो. लहान मुलांना भिंतीच्या बाजूने चालवा, पाठीवरची पिशवी पोटावर घ्या.

५.३ गल्लीच्या पाटीवर 'दर्ब' लिहिलेलं असेल तर ती बहुधा घरांकडे जाणारी आणि पुढे बंद होणारी गल्ली. गर्दी, दुकानं आणि खेचरं जिकडे चालली आहेत तो चालता रस्ता. फोनचा निळा ठिपका वर छत असलेल्या बाजारात उड्या मारतो, शेजारच्या गल्लीत दाखवतो. ऑफलाइन नकाशा ठेवा, पण तो मोकळ्या चौकात आल्यावर दिशेपुरता बघा. चालताना फोन हातात धरलेला माणूस म्हणजे "मी हरवलोय" अशी पाटी गळ्यात घातलेला माणूस.

५.४ पाटी बघून मदतनीस येतात. त्यांची वाक्यं ठरलेली : "पुढे रस्ता बंद आहे." "तिकडे फक्त मशीद." "चामड्याचा कारखाना इकडे, आज खास दिवस आहे." रस्ता बंद नसतो. हसून, न थांबता, "ला, शुक्रन" (नको, धन्यवाद) म्हणा, आणि एकदाच. दुसऱ्यांदा उत्तर दिलं की संभाषण सुरू झालं. मागे लागलाच तर जवळच्या दुकानात शिरून दुकानदाराला रस्ता विचारा. बसलेल्या माणसाला विचारायचं, चालत आलेल्याला नाही. बसलेला स्वतःचं दुकान सोडून तुमच्याबरोबर येणार नसतो.

वाटाड्या हवाच असेल, आणि पहिल्या अर्ध्या दिवसाला तो घेण्यात कमीपणा काही नाही, तर रियादमार्फत परवानाधारक घ्या. गळ्यात ओळखपत्र असतं, ते वाचा. आणि निघण्याआधी स्पष्ट सांगा, "दुकानं नकोत." न सांगितलंत तर अर्धा वेळ दुकानांत जातो, कारण तिथे त्याचं कमिशन असतं.

५.५ उताराच्या शेवटी अत्तारीन बाजार. आपल्याकडचं अत्तर याच शब्दाचं भावंड, फक्त इथे मसालेही आले. टोकाला अत्तारीन मदरसा, बू-इनानियापेक्षा लहान आणि मला जास्त आवडलेला. समोरच कैरवीयीन. आत जाता येत नाही, पण मशिदीला चहूबाजूंनी दारं आहेत आणि उघड्या दारातून चौक दिसतो. उंबरठ्याच्या बाहेर उभं राहा, आत येणाऱ्यांची वाट मोकळी ठेवा, नमाज चालू असताना कॅमेरा खाली.

मशिदीच्या भिंतीला धरून वळसा घातला की आवाजच तुम्हाला सफ्फारीन चौकात नेतो. तांबटआळी! पुण्याच्या माणसाला इथे काही समजावावं लागत नाही. एक म्हातारे तांबट पातेल्याच्या बुडाला गोल फिरवत ठोके घालत होते, प्रत्येक ठोका मागच्या ठोक्याच्या अर्ध्यावर. मावशी तिथे अर्धा तास बसली. तिच्या माहेरच्या घंगाळाला तसेच ठोके आहेत म्हणाली. चौकातल्या झाडाखाली चहा मिळतो. इथे बसाच, कारण पुढचा टप्पा नाकाचा आहे.

तपासा : आत्तापर्यंत साडेअकरा वाजले असावेत. एक वाजला असेल तर चामड्याचे हौद उद्यावर ढकला.

## टप्पा ६ : शुवाराचे हौद

सफ्फारीनपासून ईशान्येला चालत गेलं की काही मिनिटांत वास येतो. चामडं कमावायचे हे हौद रस्त्यावरून दिसत नाहीत, भोवतालच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्च्यांवरून दिसतात. इथे लोक दोन चुका करतात.

एक, "गच्चीचं तिकीट" म्हणून रस्त्यातल्या माणसाला पैसे देतात. सरकारी तिकीट असं काही नसतं. दुकानात तुम्हीच शिरा, "गच्चीवरून बघायचंय" म्हणा. दुकानदार वर नेतो, पुदिन्याची काडी देतो, माहिती सांगतो. निघताना त्याला १०-२० दिरहम द्यावेत, मग काही न घेता बाहेर पडताना अपराधी वाटत नाही.

दुसरी चूक, काय बघायचं ते न कळता पाच मिनिटांत उतरतात. पांढरट हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा. केस सुटायला चुना, कातडं मऊ पडायला विष्ठा. त्यानंतर रंगांचे हौद. माणसं मांड्यांपर्यंत उतरून पायांनी तुडवत असतात. एकाच कातड्याचा प्रवास डोळ्यांनी धरा, पांढऱ्यातून रंगात आणि तिथून गच्चीवर वाळायला. पिवळा रंग केशराचा असं हमखास सांगतील. केशराचा भाव माहीत असलेल्याने तिथे नुसती मान डोलवावी.

पुदिना नाकाखाली चुरून धरा, नुसता हुंगून काही होत नाही.

## टप्पा ७ : जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांनी

"भाज्यांचा ताजीन" (ताजीन म्हणजे मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा) मागवला की तो शाकाहारी असेल असं समजू नका. बरेचदा मांसाच्या रश्श्यातच भाज्या शिजतात, वर बोटी नसते इतकंच. हरीरा सूपचंही तेच, शुक्रवारच्या कुसकुसचंही. "ब्ला ल्हम" म्हणजे मांसाशिवाय, हे सांगाच, पण त्यावर "रस्सासुद्धा नको" असं वेगळं विचारा. पस्तीला ही पिठीसाखर भुरभुरलेली पुरी-पापुद्र्याची वस्तू गोड दिसते, आत कबुतर किंवा कोंबडी असते. आईने ती करंजीसारखी दिसते म्हणून उचललीच होती.

निर्धास्त खाता येतं ते हे : सकाळी बिसारा, वाळवलेल्या बाकल्याच्या डाळीचं दाट सूप, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. पातळ पिठल्याची आठवण होते. झालूक म्हणजे टोमॅटो घातलेलं वांग्याचं भरीतच. बरोबर गोल खोब्झ पाव. मसेमन हा चौकोनी पदराचा पराठा तव्यावरून उतरताना घ्या, मधाबरोबर. बिसारा सकाळीच, दुपारपर्यंत भांडं रिकामं होतं.

जैन असाल तर कांदा-लसूण टाळणं इथे अवघड. खाकऱ्याचा डबा न्या.

पाणी बाटलीचं. पुदिन्याच्या चहात साखर ढेकळाने असते. कमी हवी तर करताना सांगायचं, नंतर उपाय नाही.

## टप्पा ८ : खरेदी, बघणं झाल्यावर

खरेदी शेवटी. सकाळी घेतलेला पितळी दिवा दिवसभर हातात वागवायचा आणि वर प्रत्येक दुकानदाराला कळतं की हे गिऱ्हाईक घेणारं आहे.

घ्यायचं नसेल तर आकडा बोलू नका. "तुम्हीच सांगा किती" याला उत्तर दिलं की तो सौदा सुरू झाला, आणि तुमचा आकडा मान्य झाल्यावर माघार घेणं तिथे असभ्य समजतात. "ब्शहाल?" म्हणजे कितीला. "गाली बझ्झाफ" म्हणजे फार महाग. हसत म्हणायचं. पिवळ्या चामडी सपाता, बल्गा, मला ३०० सांगितल्या आणि १२० ला मिळाल्या. दुसऱ्या गल्लीत तशाच १०० ला होत्या. होतं असं, त्यावर रात्र काढू नये.

चामडं घेताना दुकानदार लायटर पेटवून दाखवतो. त्याने फारसं काही सिद्ध होत नाही. तुम्ही अस्तर उलटून शिवण बघा, चेन पाचदा उघडबंद करा आणि पिशवीत नाक घाला. दुकानात सगळीकडेच वास असतो म्हणून बाहेर येऊन घाला. इथे सौम्य वाटलेला वास आपल्या दमट पावसाळ्यात कपाटात जागा होतो.

'साब्रा', म्हणजे निवडुंगाचं रेशीम म्हणून विकल्या जाणाऱ्या शाली बहुधा व्हिस्कोजच्या, म्हणजे कृत्रिम रेशमाच्या असतात. रंग आवडला तर व्हिस्कोजच्या भावात घ्या.

सावध : गालिच्याच्या दुकानात "नुसता चहा घ्या" म्हणत वरच्या मजल्यावर नेतात. जायचं असेल तर हातात वेळ असताना जा. गालिचा आम्हीच घरपोच पाठवू, पैसे आत्ता द्या, यावर भाळू नका. घडी घालून बरोबर नेता येईल तेवढाच घ्यावा.

माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. कारागीर नाही म्हणाले तर नाही. मांजरांना विचारावं लागत नाही, आणि ती गल्लीगल्लीत पसरलेली असतात.

## टप्पा ९ : बाहेर पडणं

उतरून आलात त्याच रस्त्याने परत चढू नका. चार-पाच तासांनी, पिशव्यांसह, भर दुपारी तलआ कबीरा चढणं ही या शहरातली सर्वांत सामान्य चूक आहे, आणि चिडचीड तिथेच होते. सफ्फारीनपासून रंगाऱ्यांच्या गल्लीने खाली, नदीवरचा छोटा पूल ओलांडला की रसीफचा चौक. गाड्यांचा आवाज येऊ लागतो. तिथे लाल टॅक्सी धरा आणि स्वतःच्या दरवाजाचं नाव सांगा. तळातून कडेवर टॅक्सीने, इतकं साधं. मावशी पहिल्या दिवशी एकही मोठा चढ चढली नाही.

वाट चुकलात तर आधी थांबा, दुकानापाशी. मग ठरवा, खाली जायचं की वर. खाली जात राहिलात तर मशिदीचा परिसर किंवा रसीफ लागतो. वर जात राहिलात तर कधीतरी एखादा दरवाजा आणि रस्ता लागतो, मग तो कुठला का असेना, टॅक्सी मिळते. मधेच सारखी दिशा बदलली की मात्र फिरतच राहाल.

अंधारात हे जमत नाही. दुकानं बंद झाली की दिवसाच्या खुणा दिसेनाशा होतात, सगळ्या गल्ल्या शटरांच्या भिंती होतात. रात्रीचं जेवण राहायच्या जागीच किंवा दरवाजाजवळ ठेवा. तरीही अडकलात तर कागद काढा आणि रियादला फोन लावा. न्यायला माणूस येतो, १०-२० दिरहम त्याला द्यावेत. एखादा पोरगा वाट दाखवायला पुढे झाला तर रक्कम आधी बोला. दारात पोचल्यावर वाढणाऱ्या आकड्यावरून रात्री दहाला भांडण्यात मजा नसते.

आणि पहाटेची गाडी असेल तर आदल्या रात्रीच हातगाडीवाला आणि टॅक्सी सांगून ठेवा. पहाटे पाचला दरवाजापाशी कुणीही नसतं. आम्ही तिघींनी त्या वेळी ऐन अझलितेनच्या चढावर चार बॅगा ओढल्या, आणि चाकांचा आवाज ऐकून एका खिडकीतून बाई आमच्यावर ओरडल्या. काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण सूर घरचाच होता.